४० तासांच्या प्रमाणपत्रानंतर पुढे काय? मध्यस्थी संनियंत्रण समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
मध्यस्थी संनियंत्रण समिती,
मुंबई उच्च न्यायालय

विषय: न्यायालय-संलग्न मध्यस्थी केंद्रांतील मध्यस्थांसाठी दरवर्षी २० तासांचे सराव-आधारित प्रशिक्षण सुरू करण्याबाबत

सविनय नमस्कार विनंती विशेष.

सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी व सलोखा प्रकल्प समितीची स्थापना एप्रिल २००५ मध्ये झाली. मध्यस्थाला ४० तासांचे प्रशिक्षण आणि दहा प्रत्यक्ष मध्यस्थींचा अनुभव हवा, हे प्रमाण तिने देशाला घालून दिले. त्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ (दावा तडजोडीसाठी मध्यस्थीसारख्या मार्गाकडे पाठवण्याची तरतूद) हे १ जुलै २००२ पासून नव्या रूपात लागू झाले होते, पण प्रकरण पाठवायचे कोणाकडे हा प्रश्न होता. ४० तासांच्या त्या प्रशिक्षणाने तो सोडवला. ते प्रशिक्षण उत्तम आहे आणि आमची तक्रार त्याबद्दल नाही. आमचे म्हणणे त्यानंतरच्या वर्षांबद्दल आहे. एकदा पॅनेलवर नाव लागले की पुढची दहा-पंधरा वर्षे मध्यस्थ नेमका कसा काम करतो, हे पाहायची नियमित व्यवस्था नाही. उजळणीचे वर्ग होतात, पण कधी होतील आणि कोणाला बोलावणे येईल, हे ठरलेले नसते. आले तरी त्यात बहुतांश वेळ भाषणे ऐकण्यात जातो.

वकिलाच्या चुका न्यायाधीश पाहतात, न्यायाधीशांचे निकाल अपिलात तपासले जातात. मध्यस्थीची खोली मात्र गोपनीयतेमुळे बंद असते, आणि ती बंदच असायला हवी. न्यायालयात जातो तो अहवाल एका ओळीचा: तडजोड झाली किंवा झाली नाही. का झाली नाही, हे त्यात लिहिता येत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी लागलेली चुकीची सवय दहाव्या वर्षी पक्की झालेली असते आणि त्या मध्यस्थाला ती सांगणारे कोणी नसते. अनुभवाने माणूस आपोआप सुधारतो ही समजूत या कामात खरी ठरत नाही, कारण कामाचा परिणाम त्याला उलटून दिसतच नाही. म्हणूनच आम्ही मागतो ते प्रशिक्षण मुख्यतः दुसऱ्याच्या नजरेखाली काम करण्याचे आहे.

काय बिघडते ते नेमके सांगतो.

सर्वांत आधी आखडते ते प्रास्ताविक निवेदन. प्रशिक्षणात त्याला दहा-पंधरा मिनिटे दिलेली असतात. कामाच्या रेट्यात ते दोन मिनिटांवर येते: 'मी तुमचा मध्यस्थ, इथे जे बोलाल ते गुप्त राहील, बोला.' एवढ्याने पक्षकाराला तीन गोष्टी कळत नाहीत. समोरचा माणूस न्यायाधीश नाही. इथे बोललेले पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही. आणि तडजोड नाकारली तरी त्याच्या दाव्याचे नुकसान होत नाही. हे न कळलेला वादी मध्यस्थासमोर जबाब दिल्यासारखा बोलतो, कागद पुढे सरकवत राहतो आणि खरी अडचण सांगत नाही. मग तासाभराने मध्यस्थ म्हणतो, 'पक्षकार सहकार्य करत नाहीत.'

दुसरी सवय आकड्यावर उडी मारण्याची. 'तुम्ही किती देणार? तुम्ही कितीवर येणार?' हे पहिल्या वीस मिनिटांत विचारले की दोन्ही बाजू आकडा तोंडाने बोलून बसतात, आणि बोललेला आकडा सोडणे म्हणजे हार वाटते. भावाभावांच्या वाटपात एकाला पैशांपेक्षा विहिरीच्या पाण्याची पाळी हवी असते. घटस्फोटाच्या प्रकरणात पोटगीच्या रकमेइतकाच 'दागिने कोणाकडे आहेत ते लेखी कबूल करा' हा मुद्दा अडलेला असतो. आकड्याची घाई झाली की हे वर येतच नाही.

तिसरी जागा स्वतंत्र बैठकीची, म्हणजे मध्यस्थ एका पक्षकाराला एकट्याने भेटतो तिची, आणि सर्वांत महाग चूक इथे होते. बैठक संपवताना 'यातले समोर काय सांगू आणि काय सांगू नको?' हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचा असतो आणि उत्तर मोठ्याने परत म्हणून पक्के करायचे असते. तो राहिला की प्रतिवादीने विश्वासाने सांगितलेली 'मी आठपर्यंत जाईन' ही मर्यादा मध्यस्थाच्या तोंडून नकळत फुटते. कधी शब्दांनी, कधी 'अजून थोडे ताणा' अशा इशाऱ्याने. विश्वास एकदा गेला की त्या प्रकरणात मध्यस्थी संपते.

पॅनेलवर बहुसंख्य मध्यस्थ वकील आणि निवृत्त न्यायाधीश आहेत. त्यांचे कायद्याचे ज्ञान ही केंद्राची पुंजी आहे. पण कायद्यातल्या माणसाला मत देण्याची सवय असते. 'तुमच्या केसमध्ये दम नाही' हे वाक्य मध्यस्थाने उच्चारले की तो त्या पक्षकाराच्या विरुद्ध बाजूचा वकील होतो. तेच काम प्रश्नाने करायचे असते: 'हा व्यवहार तोंडी झाला असे तुम्ही म्हणता. न्यायालयात तो सिद्ध करायला तुमच्याकडे कोण साक्षीदार आहेत? ते येतील का? आणि निकाल विरुद्ध गेला तर अपिलाचा खर्च आणि वेळ तुम्ही धरला आहे का?' यातला फरक वाचून कळतो. तोंडात बसायला मात्र सराव लागतो आणि तोही कोणीतरी थांबवून 'आत्ता तुम्ही मत दिलेत' असे म्हणणारा समोर असताना.

आता तडजोडपत्राच्या मसुद्याकडे येतो. आमच्या मते निरंतर प्रशिक्षणाची सर्वाधिक गरज इथे आहे आणि सर्वांत कमी लक्षही इथेच आहे. दोन्ही बाजू राजी झाल्यावर सायंकाळी पाच वाजता घाईघाईने लिहिलेली दोन पाने पुढे दरखास्तीचे (हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून घेण्याच्या अर्जाचे) कारण होतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३ नियम ३ नुसार तडजोड लेखी, पक्षकारांच्या सहीची आणि कायदेशीर असावी लागते. तिच्यावर हुकूमनामा झाला की तडजोड बेकायदेशीर होती या कारणावर तो रद्द करण्यासाठी वेगळा दावा लावायला नियम ३अ ची मनाई आहे. म्हणजे चूक झाली तर ती सहज निस्तरत नाही.

मसुद्याच्या सत्रात आम्ही पुढील जागा घेऊ इच्छितो. दाव्यात नसलेली स्थावर मिळकत तडजोडीत आणली, तर नोंदणी कायद्याच्या कलम १७(२)(सहा) मधली सवलत तिला मिळत नाही. नोंदणी आणि मुद्रांक यांचा प्रश्न उभा राहतो. तरीही 'त्या गावची ती जमीनही यातच घेऊ' असे सर्रास लिहिले जाते. शेतजमिनीच्या वाटपात गट नंबर, क्षेत्र, आकार (जमिनीचा सारा) आणि चतुःसीमा सातबाऱ्याशी ताडून पाहिल्या नाहीत, नकाशा जोडला नाही, तर 'पूर्वेकडचा अर्धा भाग' यावर नवे भांडण सुरू होते. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडण्यास मनाई करणाऱ्या १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची मर्यादा, भोगवटादार वर्ग-२ च्या (हस्तांतरणावर सरकारी निर्बंध असलेल्या) जमिनीला लागणारी परवानगी आणि सरकारला जमीन महसूल द्यावा लागणाऱ्या जमिनीचे वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून व्हावे लागते ही बाब, या तिन्ही गोष्टी मसुद्याआधी विचारायच्या असतात. पक्षकारांत अज्ञान (कायद्याने सज्ञान नसलेला) मुलगा असेल तर त्याच संहितेच्या आदेश ३२ नियम ७ प्रमाणे न्यायालयाची परवानगी नोंदवून घ्यावी लागते. ती नसेल तर इतर पक्षकारांविरुद्ध ती तडजोड त्याला टाळता येते. कुलमुखत्यारामार्फत सही होत असेल तर त्या पत्रात तडजोडीचा अधिकार स्पष्ट दिला आहे का, हे वाचूनच पुढे जायचे.

वैवाहिक प्रकरणांत एक वाक्य वारंवार दिसते: 'दोन्ही पक्ष एकमेकांविरुद्धचे सर्व खटले मागे घेतील.' पत्नीने क्रूरतेची फिर्याद दिली असेल तर ती तिला एकटीला 'मागे घेता' येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खालचा गुन्हा तडजोडपात्र गुन्ह्यांच्या यादीत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात कार्यवाही रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली होतो. म्हणून तडजोडपत्रात हे लिहायला हवे की अर्ज कोण करील, खर्च कोणाचा, पत्नी प्रतिज्ञापत्र कधी देईल, आणि शेवटचा हप्ता त्याच्याशी कसा जोडलेला आहे. मुलांच्या पोटगीचा हक्क आईवडिलांनी आपसांत 'सोडून' चालत नाही, तरी तसे कलम लिहिले जाते. परस्पर संमतीच्या घटस्फोटात दुसऱ्या टप्प्याआधी, म्हणजे अंतिम मागणीपूर्वी, संमती मागे घेता येते, हे लक्षात घेऊन रकमेचे टप्पे पाडायचे असतात: सगळी रक्कम आधी दिली तर एक बाजू उघडी पडते, सगळी शेवटी ठेवली तर दुसरी.

धनादेश न वटल्याच्या प्रकरणांत तडजोडीसाठी दिलेला नवा धनादेशही परत आला तर काय, हे आधीच लिहिलेले हवे. गिम्पेक्स प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूळ तक्रार आणि तडजोडीच्या धनादेशावरची तक्रार या दोन्ही समांतर चालवता येत नाहीत. हा निकाल माहीत नसलेला मध्यस्थ फिर्यादीला चुकीच्या समजुतीवर सही करायला लावतो. २०२४ मध्ये लागू झालेले नवे फौजदारी कायदे, व्यापारी दाव्यांत व्यापारी न्यायालये कायद्याच्या कलम १२अ खालची दाव्याआधीची मध्यस्थी बंधनकारक ठरवणारा ऑगस्ट २०२२ चा पाटील ऑटोमेशन निकाल आणि २०२३ चा मध्यस्थी कायदा, हे सारे ज्याचे ४० तास २०१० मध्ये झाले, त्याच्या प्रशिक्षणानंतरचे आहे.

म्हणून वर्षाच्या २० तासांची विभागणी आम्ही अशी सुचवतो: ६ तास भूमिका-सराव, ६ तास निरीक्षण आणि सहमध्यस्थी, ४ तास मसुदा, २ तास कायद्यातील बदल, २ तास नीतिनियम आणि हिंसाचाराची चाचपणी. अमेरिकेतल्या फ्लोरिडात न्यायालयाने प्रमाणित केलेल्या मध्यस्थाला दर दोन वर्षांत १६ तासांचे निरंतर शिक्षण पूर्ण करावे लागते आणि त्यात नीतिनियमांचे व कौटुंबिक हिंसाचाराचे तास वेगळे राखलेले असतात. ऑस्ट्रेलियाच्या २०१५ च्या राष्ट्रीय मानकात दोन वर्षांना २५ तास होते आणि शिवाय २५ तासांचे प्रत्यक्ष काम. आम्ही मागतो ते त्यामानाने जास्त आहे, कारण आपल्याकडे सुरुवातीनंतर देखरेखीखाली काम करण्याची सोय फार थोडी आहे.

भूमिका-सरावाची रीत ठरलेली हवी, नाहीतर तो नाटकासारखा होतो आणि सगळे हसून घरी जातात. गट चौघांचा: एक मध्यस्थ, दोन पक्षकार, एक निरीक्षक. एक फेरी ९० मिनिटांची, अशा चार फेऱ्या, म्हणजे प्रत्येकजण एकदा मध्यस्थ होतो. पहिली १० मिनिटे पक्षकारांनी आपापली गोपनीय माहिती वाचायची, ३५ मिनिटे सत्र, २५ मिनिटे चर्चा, मग १५ मिनिटांत जिथे गाडी अडली तोच भाग पुन्हा करायचा आणि शेवटची ५ मिनिटे लिहायला. पुन्हा करण्याची ही १५ मिनिटे कोणत्याही कारणाने कापू नयेत. चूक ऐकून घेतल्याने हात बदलत नाही. त्याच वळणावर लगेच दुसरे वाक्य बोलून पाहिल्यानेच बदलतो.

निरीक्षकाने मते लिहायची नाहीत. त्याच्या कागदावर चार रकाने असावेत: पहिल्या वीस मिनिटांत मध्यस्थाने किती खुले प्रश्न विचारले आणि किती हो-नाही उत्तराचे, कोण किती मिनिटे बोलले, मध्यस्थाने किती वेळा मध्येच तोडले, आणि पक्षकाराचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडून 'बरोबर समजलो का?' असे किती वेळा विचारले. सोबत मध्यस्थाची दोन-तीन वाक्ये शब्दशः. चर्चेत आधी मध्यस्थाने स्वतः बोलायचे, मग पक्षकारांची भूमिका केलेल्यांनी त्यांना कुठे मोकळे वाटले आणि कुठे आवळल्यासारखे वाटले ते सांगायचे, शेवटी निरीक्षकाने कागद वाचायचा. ज्येष्ठ सहकाऱ्याला थेट 'तुम्ही चुकलात' म्हणायला आपल्याकडे जीभ रेटत नाही. आकडे आणि शब्दशः वाक्ये समोर असली की ते म्हणावेच लागत नाही. सरावाची प्रकरणे मराठीत आणि आपल्या न्यायालयांत येणाऱ्या दाव्यांवर बेतलेली हवीत: वहिवाट, वाटप, भाडेकरूचा ताबा, अपघात भरपाई, पोटगी.

प्रत्यक्ष प्रकरणांत निरीक्षणाला गोपनीयतेची अडचण सांगितली जाते. ती खरी आहे आणि सुटण्यासारखीही आहे. दोन्ही पक्षकार आणि त्यांचे वकील यांची लेखी संमती सुरुवातीलाच घ्यावी आणि एकानेही नाही म्हटले तर निरीक्षकाने उठावे. निरीक्षकाने गोपनीयतेच्या हमीवर सही करावी, प्रकरणातील तथ्यांची टिपणे घेऊ नयेत, फक्त मध्यस्थाच्या कृती टिपाव्यात आणि चर्चा झाल्यावर तो कागद तिथेच नष्ट करावा. हिंसाचाराचा आरोप असलेल्या प्रकरणात निरीक्षक बसवू नये.

या २० तासांखेरीज केंद्राकेंद्रावर महिन्यातून एकदा दोन तासांचे चर्चामंडळ ऐच्छिक ठेवावे, सहा ते आठ मध्यस्थांचे. विषय फक्त निकाली निघालेल्या प्रकरणांचा. लहान जिल्ह्यात नाव बदलून भागत नाही. धंदा आणि गाव सांगितले तरी माणूस ओळखू येतो. म्हणून नाव, गाव, व्यवसाय आणि रक्कम चारही बदलावीत, त्या प्रकरणातील वकील मंडळात असतील तर ते प्रकरण घेऊच नये, आणि प्रश्न मध्यस्थाने काय केले यापुरता ठेवावा.

नीतिनियम आणि हिंसाचाराची चाचपणी यांसाठी मिळून दोन तास कमी वाटतील, पण आज ते कुठेही ठरलेले नाहीत. वैवाहिक प्रकरणात संयुक्त बैठकीआधी दोघांना वेगवेगळे भेटणे, येण्याजाण्याच्या वेळा वेगळ्या ठेवणे, 'त्यांच्यासमोर मोकळेपणी बोलता येईल का? घरी गेल्यावर काय होईल याची भीती आहे का?' हे थेट विचारणे आणि उत्तर काळजीचे असेल तर कारण न लिहिता मध्यस्थी थांबवणे, हे प्रत्येक मध्यस्थाच्या अंगवळणी पडायला हवे. घाबरलेल्या माणसाचा होकार तडजोड ठरत नाही. ऑनलाइन बैठकीत ही जबाबदारी वाढते: कॅमेऱ्याबाहेर खोलीत आणखी कोण आहे हे विचारणे, खोली फिरवून दाखवायला सांगणे आणि स्वतंत्र बैठकीत दुसरा पक्ष खरोखर बाहेर गेला आहे याची खात्री करणे, हे मध्यस्थाने स्वतः करून शिकायचे आहे.

प्रकरणे पाठवणाऱ्या न्यायाधीशांसाठीही वर्षाला तीन तासांचे सत्र उत्तन येथील महाराष्ट्र न्यायिक अकादमीमार्फत व्हावे. कोणती प्रकरणे पाठवावीत आणि कोणती नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या अफकॉन्स निकालात आहे. पक्षकारांनी जातीने हजर राहण्याचा आणि पुढील तारखेचा उल्लेख आदेशात असला तरी पहिल्या बैठकीचे निम्मे काम होते.

मूल्यमापनाबाबत आमचा आग्रह आहे. मध्यस्थाचे मोल तडजोडींच्या टक्केवारीवर ठरवू नका. १ जुलै ते ३० सप्टेंबर २०२५ या काळात झालेल्या देशव्यापी मध्यस्थी मोहिमेसारख्या उपक्रमांत आकडे मोजावे लागतात हे आम्हाला समजते, पण एखाद्या मध्यस्थाला आकड्यावर तोलले की तो दबाव टाकायला शिकतो. त्याऐवजी तीन गोष्टी पाहाव्यात: पक्षकारांनी बाहेर पडताना भरलेली पाच प्रश्नांची चिठ्ठी, ज्यात 'तुमचे म्हणणे पूर्ण ऐकले गेले का?' आणि 'सही करायला कोणी भाग पाडले असे वाटले का?' हे दोन प्रश्न असलेच पाहिजेत. तडजोडीनंतर सहा महिन्यांत त्यावर दरखास्त दाखल झाली का. आणि पूर्ण तडजोड झाली नसली तरी किती मुद्दे सुटले. चिठ्ठीवर प्रकरणाचा क्रमांक नको, केंद्राचा व मध्यस्थाचा संकेतांक पुरे.

खर्च आणि वेळ यांची सोय केल्याशिवाय हे कागदावर राहील. प्रशिक्षण शनिवारी आणि जिल्ह्याच्या पर्यायी वाद निवारण केंद्रातच व्हावे. तालुक्यातून मुंबईला दोन दिवस येणे प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला परवडत नाही. प्रशिक्षणाच्या दिवशी प्रवासखर्च आणि एका प्रकरणाच्या मानधनाइतकी रक्कम द्यावी. शेजारच्या तीन-तीन जिल्ह्यांसाठी दोन प्रशिक्षक नेमावेत. नवोदितांना बरोबर घेऊन शिकवणाऱ्या ज्येष्ठ मध्यस्थांना त्याबद्दल वर्षाला पाच तासांची सूट मिळावी. ज्याचे २० तास झाले नाहीत त्याचे नाव लगेच काढू नये. सहा महिन्यांची मुदत द्यावी आणि तोवर फक्त नवी प्रकरणे देणे थांबवावे. आजारपण व प्रसूती यांना सवलत असावी.

अधिकाराचा प्रश्न उरत नाही. मध्यस्थी कायदा, २०२३ ची काही कलमे ९ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आणि त्यात कलम २६ आहे. न्यायालय-संलग्न मध्यस्थी कशी चालावी हे ते सर्वोच्च व उच्च न्यायालयांच्या नियमांवर आणि निर्देशांवर सोपवते. कलम ३८ ने मध्यस्थांच्या निरंतर शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे ठरवण्याचे काम भारतीय मध्यस्थी परिषदेला (याच कायद्याने नेमायच्या नियामक संस्थेला) दिले आहे, पण त्यासाठी उच्च न्यायालयाला आपल्या केंद्रांबाबत थांबण्याची गरज नाही. पुढे परिषदेचे नियम आले तर हे तास त्यात मोजता येतील, एवढी नोंद आजच्या निर्देशात असावी.

आमची विनंती आहे की एक मोठा, एक मध्यम आणि एक लहान अशा तीन जिल्ह्यांत पुढील बारा महिने हे चालवून पाहावे. त्यासाठी लागणारी सरावाची मराठी प्रकरणे, निरीक्षकाचा कागद, संमतीपत्राचा नमुना आणि तडजोडपत्राची पडताळणी-यादी आम्ही तयार करून विनामोबदला देऊ. पहिल्या चार शनिवारी प्रशिक्षक म्हणून उभे राहण्याचीही आमची तयारी आहे. समितीने तारखा आणि जिल्हे कळवावेत.

आपले विश्वासू,
न्यायालय-संलग्न मध्यस्थी केंद्रांत काम करणारे मध्यस्थ आणि प्रशिक्षक